इफ्तारनंतर एक पिशवी रक्त

रमजानमध्ये घराचे घड्याळ बदलते. पहाटेच्या सहरीने दिवस सुरू होतो, सूर्यास्ताला इफ्तार होते आणि रात्र तरावीहच्या नमाजात सरते. पण काही शरीरांचे घड्याळ चंद्रावर चालत नाही. थॅलेसेमिया मेजर असलेल्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. महिना कोणता आहे, सण कुणाचा आहे, परीक्षा आहेत की सुट्ट्या, याच्याशी त्या तारखेचा संबंध नसतो. तारीख टळली तर मूल पांढरे पडते, जिना चढताना धापा टाकते, वर्गात बसल्याबसल्या पेंगू लागते.

उल्हासनगरला हा आजार परका नाही. कॅम्प नं. ३ मधल्या जुन्या सिंधी घरांत तो नात्यातल्या कुणाच्या तरी निमित्ताने माहीत असतो, मात्र लग्नाच्या बोलणीत त्याचे नाव काढले जात नाही. शेजारच्या मुस्लिम, मराठी, पंजाबी, गुजराती घरांत ‘तो सिंधी लोकांचा आजार’ एवढीच त्याची ओळख असते. न बोलणे आणि आपला संबंध नाही असे समजणे, या दोन्हीची किंमत शेवटी मूल मोजते.

अहवालात काय सापडते

आईच्या पोटात असताना बाळाच्या रक्तात एक वेगळे हिमोग्लोबिन असते. त्याला ‘एफ’ म्हणतात. जन्मानंतर पहिल्या काही महिन्यांत ते ओसरते आणि त्याची जागा मोठ्या माणसांचे ‘ए’ हिमोग्लोबिन घेते. धडधाकट मोठ्या माणसाच्या रक्तात ‘एफ’ साधारण एक टक्क्याहून कमी उरते. थॅलेसेमिया मेजर असलेल्या बाळाला ‘ए’ बनवताच येत नाही किंवा फारच थोडे बनवता येते. त्यामुळे सहा महिने ते दोन वर्षे या वयात मूल फिकट दिसू लागते, वजन वाढत नाही, प्लीहा वाढल्याने पोट पुढे येते, सारखा ताप येतो. मग ‘एचपीएलसी’ नावाची तपासणी होते. जे ‘एफ’ एव्हाना संपायला हवे होते, तेच अहवालात बहुतांश जागा व्यापून बसलेले दिसते.

याच तपासणीत आईवडिलांच्या रक्तातही एक गोष्ट सापडते. ‘ए-२’ नावाचे हिमोग्लोबिन सर्वांच्या रक्तात थोडे असतेच, साधारण दोन ते तीन टक्के. ते साडेतीन-चार टक्क्यांच्या वर गेले असेल तर ती व्यक्ती थॅलेसेमियाची वाहक, म्हणजे ‘मायनर’ असते. वाहक आजारी नसतो. तो रोजे ठेवतो, ओझी उचलतो, लोकलला लटकून नोकरीला जातो आणि म्हातारा होतो. त्याला कधीच काही कळत नाही. मात्र दोन वाहकांचे लग्न झाले, तर प्रत्येक गरोदरपणात मूल मेजर असण्याची शक्यता चारात एक असते. दोन शक्यता वाहक असण्याच्या आणि एक पूर्ण निर्दोष असण्याची. पहिले मूल आजारी निघाले म्हणजे पुढची तीन सुखरूप, असा हिशेब नसतो. दरवेळी फासा नव्याने पडतो.

वाहकाच्या बाबतीत घरोघरी एक घोळ होतो. त्याचे हिमोग्लोबिन किंचित कमी असते आणि लाल पेशी आकाराने लहान असतात. लोहाची कमतरता असली तरी पेशी अशाच लहान दिसतात. मग ‘रक्त कमी आहे’ म्हणून वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या आणि टॉनिक चालू राहतात, आणि आकडा काही हलत नाही. साध्या सीबीसी अहवालातही खूण असते. पेशींचा आकार लहान, पण त्यांची संख्या मात्र चांगली किंवा नेहमीपेक्षा जास्त. ‘एमसीव्ही’च्या आकड्याला लाल पेशींच्या दशलक्षातल्या संख्येने भागले आणि उत्तर तेराच्या खाली आले, तर डॉक्टरांच्या मनात थॅलेसेमियाची शंका येते. पक्के उत्तर एचपीएलसीच देते. मात्र लोहाची कमतरताही सोबत असेल तर ‘ए-२’ खोटेच कमी दिसू शकते. म्हणून फेरिटिनची तपासणीही करून घेणे बरे.

सरहद्दीच्या दोन्ही बाजूंचे एकच अक्षर

दुसऱ्या महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांसाठी मोकळी करण्यात आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि छावणीला उल्हासनगर हे नाव मिळाले. बराकींचे कॅम्प झाले आणि कॅम्पांचे शहर झाले. माणसांनी येताना हातात मावेल तेवढे आणले. रक्तातले जे आले ते त्यांना ठाऊकच नव्हते.

योगायोग असा की १९४९ मध्येच शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी थॅलेसेमियाबद्दलचा प्रसिद्ध तर्क छापून मांडला. हा दोष इतक्या पिढ्या टिकला कसा? त्यांचे उत्तर होते, मलेरिया. वाहकाच्या लहान लाल पेशींत मलेरियाच्या जंतूचे नीट चालत नसावे. त्यामुळे मलेरियाच्या प्रदेशात वाहक जास्त जगले आणि आपला वारसा पुढे देत राहिले. भूमध्य समुद्राच्या काठापासून सिंधू नदीच्या खोऱ्यापर्यंत आणि पुढे आग्नेय आशियापर्यंत हा आजार पसरलेला आहे. त्याच्या नावातला ‘थॅलासा’ हा ग्रीक शब्दही समुद्राचाच आहे. एकेकाळी जीव वाचवणारी गोष्ट दोन्ही बाजूंनी एकत्र आली की जीवावर उठते, असा हा हिशेब आहे.

भारतात साधारण तीन ते चार टक्के लोक वाहक मानले जातात आणि दरवर्षी दहा ते बारा हजार मुले थॅलेसेमिया मेजर घेऊन जन्मतात. काही समाजांत वाहकांचे प्रमाण चार ते सतरा टक्क्यांपर्यंत जाते. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांत त्यासाठी सिंधी, पंजाबी, गुजराती, बंगाली, लोहाणा यांच्याबरोबर कोळी आणि सारस्वत यांचीही नावे आहेत. म्हणजे महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरचा माणूसही या यादीबाहेर नाही.

आणि मुसलमान? सिंधी आणि लोहाणा कुटुंबांत जनुकाचा एक तुकडाच गळून गेल्याचा दोष वारंवार आढळतो. तोच दोष सरहद्दीपलीकडे सिंधमधल्या मुस्लिम कुटुंबांत आणि कच्छ-काठियावाडच्या मेमन कुटुंबांत सापडतो. पाकिस्तानात वाहकांचे प्रमाण पाच ते सात टक्के सांगितले जाते. १९४७ मध्ये जमीन वाटली गेली, घरे वाटली गेली, रेल्वेचे डबेसुद्धा वाटले गेले. हे अक्षर मात्र कराचीच्या रुग्णालयात आणि उल्हासनगरच्या रुग्णालयात आजही एकच वाचले जाते.

पिशवीबरोबर येणारे लोखंड

रक्त चढवले की मूल टवटवीत होते, खेळू लागते. पण प्रत्येक पिशवीबरोबर २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जाते. माणसाचे शरीर दिवसाला जेमतेम एक ते दोन मिलिग्रॅम लोह गमावते. जादा लोह बाहेर टाकायची सोयच निसर्गाने केलेली नाही. निरोगी माणसाच्या सबंध शरीरात तीन ते चार ग्रॅम लोह असते. वर्षाला पंधरा-वीस पिशव्या लागणाऱ्या मुलाच्या शरीरात एका वर्षात तेवढेच नव्याने साठते.

रक्तात लोह वाहून नेण्याचे काम ट्रान्सफेरिन नावाचे प्रथिन करते. निरोगी माणसात त्याच्या जागांपैकी साधारण एक तृतीयांशच भरलेल्या असतात. सारख्या रक्त संक्रमणाने त्या भरून जातात आणि मग जे रक्तात एरवी नसतेच, ते सापडू लागते. कशालाच न बांधलेले, मोकळे लोह. ते हृदयात, यकृतात आणि संप्रेरकांच्या ग्रंथींत शिरते. मुलाची उंची खुंटते, वयात येणे लांबते, मधुमेह होतो. अनेक रुग्णांचा मृत्यू थॅलेसेमियाने नव्हे, लोहाने निकामी झालेल्या हृदयाने झाला आहे. म्हणून दहा-वीस पिशव्या झाल्या किंवा फेरिटिन हजारावर गेले की लोह बाहेर काढणारे औषध सुरू करतात.

हे औषध पूर्वी फक्त सुईवाटे मिळे. पोटाच्या कातडीखाली सुई टोचून, छोट्या पंपाने, आठ ते बारा तास, आठवड्यातल्या पाच-सहा रात्री. बहुतेक घरांना ते परवडत नसे आणि मुलांना सोसत नसे. तोंडाने घ्यायच्या ‘डेफेरिप्रोन’ या औषधाला जगात सर्वप्रथम परवाना भारतात मिळाला, तो १९९० च्या दशकाच्या मध्यात. मुंबईच्या सिप्ला कंपनीने ते बाजारात आणले. पुढे दिवसातून एकदा घ्यायचे ‘डेफेरासिरॉक्स’ आले. आज वेळेवर रक्त, वेळेवर औषध आणि नियमित तपासणी मिळालेले रुग्ण शिकतात, नोकरी करतात, संसार करतात.

रमजानच्या दस्तरखानाशी याचा थेट संबंध आहे. खजुराने रक्त वाढते, असे घरोघरी म्हणतात. प्रत्यक्षात शंभर ग्रॅम खजुरात लोह असते ते जेमतेम एक मिलिग्रॅम. त्यामुळे थॅलेसेमियाच्या मुलाने इफ्तारला दोन-चार खजूर खाल्ले म्हणून घाबरायचे कारण नाही. जपायचे ते कलेजीला, कारण लोह तिच्यात भरपूर असते. डॉक्टर या रुग्णांना जेवणासोबत चहा घ्यायला सांगतात, कारण चहा अन्नातले लोह शोषू देत नाही. मटणाच्या ताटाशेजारी लिंबाचे सरबत असेल तर उलट घडते. आणि ‘अशक्त दिसतो’ म्हणून मामा-मावशींनी प्रेमाने आणलेले लोहाचे टॉनिक या मुलासाठी विषासारखे असते.

रोजा कुणाचा, सवलत कुणाला

थॅलेसेमिया मेजरचा तरुण रोजा ठेवू इच्छितो तेव्हा घरात पेच पडतो. आजाऱ्याला रोजातून सवलत आहे आणि ती खुद्द कुराणात आहे. ती घेतली म्हणून कुणाची धार्मिकता उणी ठरत नाही. ज्याला दिवसातून तीनदा औषध घ्यायचे आहे, ज्याच्या हृदयावर लोहाचा परिणाम झाला आहे किंवा ज्याला मधुमेह आहे, त्याने आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजा ठेवू नये. बरे न होणाऱ्या आजारात रोजाच्या बदल्यात गरजूला जेवण देण्याची, म्हणजे फिदयाची वाट शरियतने मोकळी ठेवली आहे. वाहकाला, म्हणजे मायनरला, केवळ वाहक असल्यामुळे रोजा सोडायचे कारण नाही.

दुसरा प्रश्न रक्तदात्याचा. रोजा असताना रक्त दिले तर रोजा तुटतो का? हनफी आणि शाफई मतानुसार अंगातून रक्त बाहेर गेल्याने रोजा तुटत नाही. कोकणी मुसलमान शाफई आहेत, बाकीचे बहुतेक हनफी. म्हणजे आपल्या भागात बहुतेकांसाठी हेच मत लागू आहे. हंबली मतात हिजामाने, म्हणजे तुंबडी लावून रक्त काढल्याने रोजा तुटतो. अशक्तपणा येण्याची भीती असेल तर रोजात रक्त काढणे हनफींनीही नापसंत ठरवले आहे. पण हा वाद घालायची इथे गरजच पडत नाही. भारतातल्या रक्तपेढ्यांचा नियमच असा आहे की उपाशी किंवा उपवास असलेल्या माणसाचे रक्त घ्यायचे नाही. मग तो रोजा असो, एकादशी असो की नवरात्र.

म्हणजे रमजानभर दिवसा मुस्लिम रक्तदात्यांचा हात थांबतो. शिवाय मार्च ते मे या काळात महाविद्यालयांच्या परीक्षा आणि सुट्ट्या येतात, आणि रक्तदान शिबिरांना सर्वाधिक दाते मिळतात ते महाविद्यालयांतूनच. लाल पेशींची पिशवी ३५ ते ४२ दिवस टिकते. गेल्या सणाचे उत्साहाचे रक्त पुढच्या सणापर्यंत साठवून ठेवता येत नाही.

थॅलेसेमियाच्या रुग्णांना शासकीय धोरणानुसार रक्त मोफत मिळायला हवे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या आजाराची नोंद आहे. पैसे घेऊन रक्त देणारे व्यावसायिक दाते सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९८ पासून बंद झाले. हे सगळे योग्यच झाले. पण मोफत मिळण्याचा हक्क फ्रिजमध्ये पिशवी असेल तरच खरा होतो, आणि ती पिशवी कुठल्याही कारखान्यात बनत नाही.

उपाय रात्रीचा आहे. इफ्तारला पाणी आणि फळे घ्यावीत, जेवण करावे, थोडा वेळ जाऊ द्यावा आणि तरावीहनंतर रक्त द्यावे. रक्तपेढीशी आधी बोलून मशिदीजवळच्या शाळेत किंवा जमातखान्यात रात्रीचे शिबिर लावता येते. दात्याचे वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन किमान साडेबारा हवे. पुरुषांना तीन महिन्यांनी आणि स्त्रियांना चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येते. दिलेल्या रक्तातला द्रवाचा भाग एक-दोन दिवसांत भरून निघतो. म्हणून दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल अशी रात्र निवडावी आणि सहरीपर्यंत भरपूर पाणी प्यावे. उन्हात ओझी वाहणाऱ्याने रमजानमध्ये घाई करू नये. त्याने ईदनंतर द्यावे, त्याचे रक्तही तेवढ्याच मोलाचे आहे.

निकाहाआधीचा कागद

रक्त देऊन आजचे मूल जगते. उद्याचे मूल आजारी जन्मू नये यासाठी मात्र बोलावे लागेल. सायप्रस बेटावर १९७० च्या दशकात हा प्रश्न इतका मोठा होता की सगळ्या देशाचे रक्त पुरणार नाही अशी भीती होती. तिथे चर्चने विवाहापूर्वी तपासणीचा दाखला मागायला सुरुवात केली आणि आजारी मुलांचे जन्म जवळजवळ थांबले. इराणने १९९७ मध्ये आणि सौदी अरेबियाने २००४ मध्ये विवाहपूर्व तपासणी सक्तीची केली. धर्माच्या नावाने तपासणीला नाही म्हणणाऱ्यांनी हे देश नकाशावर शोधावेत.

आपल्याकडे अशी सक्ती नाही. चुलत-मामे नात्यात लग्ने मुसलमानांत होतात, मराठी हिंदू समाजातही मामाच्या मुलीशी लग्नाची जुनी रीत आहे, आणि सिंधी समाज नात्याबाहेर गेला तरी बहुधा समाजाबाहेर जात नाही. रक्त जितके जवळचे, तितकी दोन वाहक समोरासमोर येण्याची शक्यता जास्त. नात्यातले लग्न शरियतने मुभा म्हणून दिले आहे, कर्तव्य म्हणून नाही. तपासणी करा, एवढेच म्हणणे आहे. एक वाहक आणि एक निर्दोष असे जोडपे निर्धास्त लग्न करू शकते. त्यांचे मूल मेजर होत नाही. म्हणून ‘मुलीत दोष आहे’ अशी कुजबुज अज्ञानाची असते. आणि हा वारसा दोन्हीकडून येतो, तरी बोल मात्र नेहमी आईलाच लागतो, हेही सांगायला हवे.

लग्न होऊन गेलेल्या दोन वाहकांसाठीही वाट आहे. गर्भाची तपासणी साधारण दहा ते बारा आठवड्यांत होते. परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात रक्ताच्या अशा आजारांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे, आणि कॅम्प नं. ३ मधून ती एका लोकलच्या अंतरावर आहे. पुढचा निर्णय जड असतो आणि तो त्या जोडप्याचाच असतो. मक्केच्या इस्लामी फिक्ह परिषदेने १९९० मध्ये, तज्ज्ञ डॉक्टरांच्या समितीने गंभीर व्याधीची खात्री दिल्यास १२० दिवसांच्या आत गर्भपाताची मुभा मानली, हे माहीत असले तर मनावरचे एक ओझे हलके होते. जन्मलेल्या मुलासाठी भावंडाचा अस्थिमज्जा जुळल्यास प्रत्यारोपण हा बरे होण्याचा मार्ग आहे. मुंबई महापालिकेचे त्यासाठीचे केंद्र बोरिवलीत आहे, आणि कोल इंडियाच्या निधीतून चालणाऱ्या ‘थॅलेसेमिया बाल सेवा योजने’तून पात्र कुटुंबांना दहा लाख रुपयांपर्यंत मदत मिळते.

पाळी वाटून घेऊ

उल्हासनगरात दोन मोठे उपवास पाळले जातात. मुसलमानांचा रमजान आणि सिंधी बांधवांचा जुलै-ऑगस्टमधला चालिहो. झुलेलालच्या नावाने चाळीस दिवसांचे व्रत. सिंधमध्ये उडेरोलाल इथल्या दर्ग्यात आणि मंदिरात आजही दोन्ही धर्मांचे लोक जातात. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो, चालिहो जागेवरच राहतो. या पिढीत तरी दोन्ही उपवास एकाच वेळी येण्याची चिंता फारशी नाही.

मग हिशेब सोपा होतो. रमजानच्या दिवसांत सिंधी, मराठी, पंजाबी शेजाऱ्यांनी दिवसाची शिबिरे सांभाळावीत आणि मुसलमानांनी रात्रीची. चालिहोत, श्रावणात आणि नवरात्रात मुस्लिम तरुणांनी दिवसाची पाळी उचलावी. जकातीला निसाबची अट असते, म्हणजे ठरावीक मालमत्ता असलेल्यालाच ती लागू होते. रक्ताच्या सदक्याला अशी अट नाही आणि सदका शेजाऱ्याचा धर्म विचारत नाही. मशिदीच्या आणि मंदिराच्या सूचनाफलकावर तरावीहच्या आणि आरतीच्या वेळेखाली आणखी एक ओळ मावते. पुढचे शिबिर कुठे आणि किती वाजता, एवढीच.